उणे एकतीस, एक जागा रिकामी

एक जागा रिकामी आहे. दरवर्षी असतेच.
सप्टेंबरात भरते, मार्चात पुन्हा उघडी पडते,
जणू आमच्या विमानाच्या उजव्या सीटला तळच नाही.

थॉम्पसनच्या धावपट्टीला चिकटून आमचं ऑफिस,
कंटेनरच म्हणा. एक हीटर,
आणि एका आखूड पायाची खुर्ची,
ती मी मुद्दाम उमेदवाराला देतो.
डुलत डुलत उत्तरं देणाऱ्याला आणखी प्रश्न विचारतो.
जो उठून पायाखाली पुठ्ठा सरकवतो
त्याला तिथेच घेतो.

काम काय ते लपवत नाही.
पहिले आठ महिने विमानात बसायचं नाही,
विमान भरायचं.
दूध, डायपर, बटाटे, स्नोमोबाइलचं इंजिन,
एकदा शाळेसाठी पियानो,
तो उतरवताना चौघांच्या कमरा गेल्या.
अंडी चढवायची सगळ्यात शेवटी,
उतरवायची सगळ्यात आधी.
दोनशे तासांचं लायसन खिशात, ऐंशी हजार डॉलरचं कर्ज डोक्यावर,
आणि पोरं कांद्याची पोती मोजतात.
मोजू देत.

मग उजवी सीट. मग दोन वर्षांचा बाँड.
मग एके सकाळी टेबलावर पाकीट:
तुमच्याकडून खूप शिकलो, ओरेस्ट.
शिकलासच. दीड हजार तास शिकलास
आणि बाँड संपला त्या दिवशी हातावर तुरी देऊन गेलास.

रागावत नाही मी. मोठ्या कंपनीत
प्रत्येकाला एक नंबर असतो.
आज रुजू झालास तर चार हजार बारा,
महिनाभर रेंगाळलास तर चार हजार नव्वद,
आणि त्या अठ्ठ्याहत्तर जणांच्या मागे उभं राहून
तीस वर्षं नाताळची सुट्टी मागायची.
कोण थांबेल?
कीरन वीब थांबला होता. सहा आठवडे,
माझ्या शब्दाखातर.
अजून वर्षातून एकदा फोन करतो.
इथलं हवामान विचारतो. नंबर सांगत नाही.

या वेळी आली लॉर्ना फ्लेट.
सरोवराकाठच्या त्या वस्तीतली,
जिथे आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी उतरतो.
म्हणजे हिने लहानपणी खाल्लेली अंडी
मीच नेली असणार, निम्मी तडकलेली.
ती बसलीच नाही.
"खुर्ची मोडकी आहे," म्हणाली, "आणि तुम्हाला ते माहीत आहे."
मग, उभ्या उभ्याच:
"सगळे जातात. तुम्ही का नाही गेलात?"

याचं तयार उत्तर आहे माझ्याकडे,
बावीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.
इथलं आकाश, इथली माणसं,
गोठलेल्या पाण्यावर उतरतानाची ती शांतता.
चांगलं उत्तर आहे. भरतीच्या पत्रकावरही छापलंय.

हीटर खडखडला.
मी म्हणालो, गेलो होतो.
टोरोंटोला, इस्त्रीचा शर्ट घालून.
सिम्युलेटरमध्ये त्यांनी डावं इंजिन बंद पाडलं
आणि मी उजवं बंद केलं.
पुन्हा बोलावलं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी इतकी वर्षं झाकलेली
की बोटंच आखडली.

ती हसली नाही. बरं वाटलं. थोडं वाईटही.
"आणि आता डावं गेलं तर?"
आता आधी हात मांडीवर ठेवतो.
मोठ्याने विचारतो, कुठलं गेलं?
स्वतःच उत्तर देतो. मगच हात लावतो.
"हे शिकवाल?"
हे एकच येतं मला शिकवायला.

बाँड तिने सगळा वाचला, मागच्या बाजूचा बारीक मजकूरसुद्धा.
दोन वर्षं खोडून अठरा महिने लिहिलं. सही केली.
दोन वर्षांनी जाशील ना, मी विचारलं.
"अठरा महिन्यांनी," ती म्हणाली. "वाचा की."

बाहेर ट्रक लागला होता.
अंडी कुठेयत, तिने विचारलं,
आणि बटाट्याचं पोतं उचललं.